येणं, जाणं, परत येणं

मास्तर, चार वह्या मी स्वतः शिवल्या. पुठ्ठे कापले, खळ शिजवली, कडा कानशीने घासल्या. जुन्या इंग्रजी दस्तांतले शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ, सगळं माझ्या अक्षरात. वह्यांसाठी मोडक्या होडीच्या फळ्यांची पेटी केली, कडी-बिजागऱ्यांसकट. सातवी शिकलेल्या माणसाने.

कचेरीबाहेर तुम्ही लोकांचे दस्त वाचून द्यायचात, मी टेबलाशी उभा. शिकवलंत असं नाही, मीच बघून उचललं. एकदा मात्र एका शब्दाचा अर्थ मी अंदाजाने लिहिला, तेव्हा पेन काढून घेतलंत. "म्हायत नाय तर जागा मोकळी सोड रे. तुझ्या अंदाजान कोणाचा तरी घर जायत." तेव्हापासून शब्द तीन दस्तांत भेटल्याशिवाय मी शाई लावत नाही.

गेल्या आठवड्यात कुडाळहून एक माणूस आला. न मागता काजूचा पुडा, न विचारता माझ्या पेटीचं कौतुक. तिथेच मी सावध झालो. त्याचा मालक आचऱ्याकडची नारळाची बाग घेतोय. दस्तात 'इनग्रेस, इग्रेस अँड रिग्रेस' आहे: आत येणं, बाहेर जाणं, परत येणं. बागेतून विहिरीवर जायचा वाडीचा हक्क. तो फक्त मूळ मालकाच्या कुटुंबापुरता, असं मी सहीनिशी लिहून द्यायचं.

मी नकाराची मान हलवली तेव्हा त्याने प्लॅस्टिकमधून कागद काढला. "तुमच्या मास्तरांनी दिलं होतं की." दुसरी बाग, तोच शब्द, तोच खोटा अर्थ. कागद मी उजेडाला धरला. बनावट असेल, खरा कागद इतकी वर्षं कोणी कशाला जपेल? पण पूर्णविरामापाशी पेन टेकून कागद मागून फुगलेला. तसा दाब तुमचाच.

तेवढ्यात वाडीतली म्हातारी कळशी घेऊन कुंपणाशी थांबली. "काय रे, आमची वाट इंग्लिशीत खंय जाता?"

"बावीकडेच जाता गो काकी."

ती हसत गेली. तो माणूस हसला नाही.

मास्तर, कोणाची वाट बंद केलीत? मला रागावलात ते त्याआधी की त्यानंतर? विचारायला आता कोणी नाही, आणि हे पत्र टपालात टाकायचं तरी कुठल्या पत्त्यावर.

मला एका ओळीचे, सहीसकट, ऐंशी हजार देत होते. मी नको म्हटलं. पण तीन दिवस मनात घोळवून, चौथ्या दिवशी.