दामिनीच्या पोराला माझी सही नाही

२० जानेवारी
हळदीकुंकवाच्या मसाला स्पर्धेत शेजारची दामिनी पहिली. मी उत्तेजनार्थ. परीक्षक तिची नणंद. लक्षात ठेवले आहे.

२ फेब्रुवारी, सकाळी
दामिनीचा हर्षित एसी दुरुस्तीच्या नोकरीवर आखातात निघाला. आमची लेक सोनिका त्याच शहरात. तिच्यासाठी त्याच्याकडे किलोभर सावजी मसाला दिला. भिवापुरी मिरची, आणि या खेपेस खसखस दुप्पट. खरी पहिली कोण, ते दामिनीच्याच पोराच्या हातून तिकडे पोचेल. दामिनी विचारत होती, मॅडम, कस्टमवाले विचारतीन, यात काय काय टाकलं? कृती काढून घ्यायचा डाव. तीस वर्षांत कुणाला सांगितली नाही, हिला सांगेन?

५ फेब्रुवारी
हर्षितला तिकडे विमानतळावरच अटक. अमली पदार्थ. मला आश्चर्य नाही. आठवीत मीच त्याला भूगोल शिकवला, नकाशात श्रीलंका काढायची विसरायचा.
सोनिकाचा फोन. मसाला पोचलाच नाही. आणखी काही सांगत होती, पण तिला हर्षितची बाजू घ्यायची सवय आहे. फोन ठेवला.

७ फेब्रुवारी
दामिनी आली. डोळे सुजलेले, हातात कागद. मॅडम, वकिलातीले धाडाचा हाय, तुमच्या सहीनंच पोरगं सुटन. खुशामत. स्वच्छ सांगितले, परदेशात गुन्हे करणाऱ्यांमागे सरकारने धावू नये. १९७८ साली राज्यशास्त्रात बी. ए. केले आहे, उगाच बोलत नाही. म्हणाली, वाचून तं पाहा. वाचला नाही. दार लावले. २० जानेवारीनंतर प्रथमच बरे वाटले.
हे म्हणाले, वाचायला काय जात होतं? यांना राज्यशास्त्र कळत नाही.

९ फेब्रुवारी
वर्तमानपत्राला पत्र धाडले. तीन मुद्दे. तिसरा विशेष जमला आहे: अशा पोरांच्या हाती माल देणाऱ्यांना आधी आत टाकावे.

१३ फेब्रुवारी
पत्र छापून आले, सगळ्यात वर. कात्रण दामिनीच्या दाराखालून सरकवले.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळी
हे शेजारून तो कागद घेऊन आले. टेबलावर ठेवला आणि फिरायला गेले.
वाचला. त्या देशात खसखस अमली पदार्थांत मोडते. कागदावर नाव माझे. मसाला मी घरी केला, खाण्यासाठी दिला, आत काय आहे ते हर्षितला ठाऊक नव्हते. खाली सहीची जागा रिकामी. आठ दिवसांपासून पोरगा आत.
खसखस आपण अनारशाला लावतो. असल्या अन्यायात सरकारने ताबडतोब हस्तक्षेप केलाच पाहिजे. माझे पहिल्यापासून हेच मत होते. पत्रात शब्दमर्यादेमुळे राहून गेले.

१४ फेब्रुवारी
सही केली. तेवढ्याने भागले नाही. वकील म्हणाले, सगळे जिन्नस वजनासकट हवेत. दामिनीच्या बैठकीत बसून मोठ्याने सांगावे लागले. तिने लिहून घेतले. दगडफुलाशी थांबून म्हणाली, अस्सं. कात्रणाचे नाव काढले नाही. तीन प्रती काढल्या. दोन वकिलांकडे. तिसरी कुठे गेली, विचारण्याची सोय नव्हती.

११ मार्च
हर्षित सुटून आला. वाळला आहे. नोकरी गेली. पाया पडला, म्हणाला, मॅडम, तुमच्यामुळे सुटलो. त्याच्यासाठी कोराडीच्या वीजकेंद्रात काम बघायला यांना सांगितले आहे.
दामिनीने रश्श्याची वाटी आणून दिली. म्हणे, तुमच्याच कागदावरून केला, मॅडम. फक्त खसखस काढून टाकली.
चाखला. दुसऱ्यांदा घेतला.