घरात गहू बंद

१० जानेवारी १९९६, बुधवार

अखेर निदान झालं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पंचूच्या पोटात नळी घालून आतड्याचा तुकडा काढला होता, त्याचा रिपोर्ट आज मिळाला. गव्हात ग्लूटेन नावाचा पदार्थ असतो, तो तिच्या आतड्याला चालत नाही. चपाती, पाव, बिस्कीट, सगळं बंद, तेही जन्मभर. आतडं सुधारेपर्यंत दूधसुद्धा बंद.

पोरीचं पोट किती दिवसांपासून फुगत होतं, हातपायांच्या काड्या झाल्या होत्या. मी अभ्यासाचं टेन्शन असं निदान करून टॉनिक चालू केलं होतं. टॉनिक चांगलं होतं.

डॉक्टर म्हणाले, पंधरा वर्षांची मुलगी आहे, घरातल्या कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. मी म्हटलं, मी ठेवतो. तिची आई वैजयंता तेव्हा खिडकीबाहेर बघत होती.

संध्याकाळी घरात जाहीर केलं की आजपासून गहू आणि दूध तिघांनाही बंद. पोरीने बघत बसायचं आणि बापाने खायचं, हे या घरात चालणार नाही. शेजारच्या सुलूताई विचारपूस करायला आल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. उद्या सकाळपर्यंत आमच्या अख्ख्या गोडदेव वस्तीत सगळ्यांना कळेल. बरंच आहे. माघार घ्यायची सोयच नको.

११ जानेवारी, गुरुवार

सकाळी बिनदुधाचा चहा. पंचूने सगळा संपवला. मी अर्धा तुळशीला घातला.

रात्री भाकरी. वैजयंताने माळ्यावरची काठवट काढली. जालन्याकडची बाई ती, हात अजून तसाच चालतो. दोघी मायलेकी ठेच्याबरोबर मजेत जेवल्या. माझ्या घशाखाली उतरेना. गावी आम्ही भाकरी खायचो कारण दुसरं काही नसायचं. चपाती सणाला. काशीमीऱ्याला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये इनचार्ज झालो तेव्हा गावी जाऊन सगळ्यांना सांगितलं होतं की आमच्याकडे रोज चपाती असते. आता परत काठवट.

पण पोरीसाठी काय वाट्टेल ते.

१४ जानेवारी, रविवार

मोठा शोध लागला. पंचूला नाश्त्याला उपमा देता येईल. रवा पांढरा असतो, त्याचा गव्हाशी संबंध नाही. दोन किलो आणला. वैजयंताने विचारलं, रवा कशाचा करतेत? मी म्हटलं, रव्याचा. तिने गव्हाच्या रिकाम्या डब्याकडे बोट दाखवलं.

रवा सुलूताईंना दिला. शेजारधर्म.

१९ जानेवारी, शुक्रवार

आज गोडाऊनमध्ये चक्कर आल्यासारखं झालं. दोन ट्रक एकदम लागले होते. जबाबदारीच्या माणसाने चक्कर येऊन पडणं कंपनीच्या हिताचं नाही. नाक्यावर उत्तमच्या हॉटेलात गेलो. एक कडक मीठा चहा, दुधाचा, आणि दोन खारी.

संकल्प घराचा आहे. काशीमीरा हे घर नव्हे.

शिवाय पोरीला नेमकं कशापासून वाचवायचं आहे ते आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

२३ जानेवारी, मंगळवार

खारी. बन-मस्का. सोमवारी मिसळ-पाव, पण पाव एकच.

घरी कपडे झटकून वर जायचं ठरवलं आहे. खारीचा चुरा शर्टाच्या खिशात साठतो.

४ फेब्रुवारी, रविवार

पंचूच्या मैत्रिणीचा, नीलमचा वाढदिवस. पंचू म्हणाली, मी घरून खाऊन जाते, तिथे वेफर्स खाईन. पण असं पोरीवर सोडून चालत नाही. मीही गेलो. नीलमच्या आईला केक, दूध, मैदा, आतडं हे सगळं नीट समजावून सांगितलं. पोटात नळी कशी घालतात तेही सांगितलं. केक कापायचं थांबवून सगळी मुलं ऐकत होती. इतकं लक्ष मला गोडाऊनमध्येसुद्धा कोणी देत नाही.

येताना पंचू रस्ताभर एक शब्द बोलली नाही. स्वभाव शांत झाला आहे. आहाराचा परिणाम.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

सोमवारी शाळेत जाऊन तिच्या वर्गशिक्षकांना भेटलो. त्यांनी वर्गात सांगितलं की हिच्या डब्यात कोणी हात घालायचा नाही. पंचूला उभं करून सांगितलं. छान झालं.

तेव्हापासून ती डबा मैदानात एकटी खाते, असं वैजयंता म्हणाली. मी म्हटलं, मोकळी हवा पचनाला चांगली.

१८ फेब्रुवारी, रविवार

कोंडलोय. चाळीत, बाजारात, रिक्षा स्टँडवर, जिकडे जावं तिकडे लोक विचारतात, अजून पाळताय का हो? मी म्हणतो, पाळतोय. काल एक गृहस्थ माझ्या पाया पडले, म्हणाले असा बाप पाहिला नाही. आता या माणसांसमोर मी बिस्किटाचा पुडासुद्धा विकत घेऊ शकत नाही. भाईंदरमध्ये कुठेच खाता येत नाही. घरी भाकरी, भात, भाकरी. सुलूताईंनी नारळाच्या दुधातलं सार शिकवलंय, ते बरं लागतं. पण बरं लागणं म्हणजे चहा नव्हे.

सोडून द्यावं म्हटलं तर पोरीचं मन मोडेल. ती माझ्याकडे बघूनच तर उभी आहे.

२ मार्च, शनिवार

नववीची सहल जाणार आहे. पंचूने विचारलं. मी म्हटलं, जरूर, मी बरोबर येतो. ती म्हणाली, मग राहू दे. मी समजावलं की मला अजिबात त्रास नाही, रजा शिल्लक आहे. ती परत म्हणाली, राहू दे पप्पा.

किती समजूतदार. बापाची रजा वाया जाऊ नये म्हणून सहल सोडली.

८ मार्च, शुक्रवार. गोडाऊनमधून.

घोळ.

दुपारी उत्तमच्या हॉटेलात बाहेरच्या बाकावर बसलो होतो. समोर चहा, हातात बन-मस्का. काशीगावकडे जाणारी रिक्षा ट्रकच्या मागे अडकली. आत वैजयंता आणि पंचू. सुलूताईंच्या भावाकडे नारळ आणायला चालल्या होत्या. मी ओळखीचा हात केला. ज्या हातात बन होता तोच वर गेला.

पंचूने बघितलं आणि मान वळवली. रिक्षा गेली.

त्यांनी नीट पाहिलं नसण्याचीच शक्यता जास्त आहे. ऊन फार होतं.

८ मार्च. घरी.

कोणी काही बोललं नाही. भाकरी, वरण, भात. पंचूने मला स्वतःहून जास्तीची भाकरी वाढली. मी खाल्ली. पोटात जागा नव्हती.

१७ मार्च, रविवार

अजून कोणी काही बोललेलं नाही. विचारलं तर कबूल केल्यासारखं होतं. न विचारावं तर रोज संध्याकाळी पायऱ्यांवर थांबून खिसे चाचपावे लागतात. त्यांना माहीत आहे का? माहीत असेल तर वाढतात कशाला? नसेल तर पंचू हल्ली माझ्या शर्टाचे खिसे उलटे करून धुवायला का टाकते?

या आठवड्यात काशीमीऱ्याला फक्त चहा. एकदाच खारी.

२० एप्रिल, शनिवार

परीक्षा संपली, आज हॉस्पिटल. पंचूचं वजन वाढलंय. गाल भरलेत, ते मला रोज बघून लक्षात आलं नव्हतं. डॉक्टर खूश. म्हणाले, दूध आता थोडं थोडं घेऊन बघायला हरकत नाही, गहू मात्र कायमचा बंद. मग त्यांनी तिलाच विचारलं, कसं जमवलंस? ती न अडखळता बोलली. ज्वारी, तांदूळ, नाचणी. बाहेर काही खायच्या आधी कशाचं केलंय ते विचारते. पुड्यावरचं वाचते. भूक लागेल तिथे आपलं आपण घेऊन जाते. आईने भाकरी करायला शिकवली.

माझं नाव आलं नाही. मोठ्यांसमोर वडिलांचं कौतुक करायला मुलं लाजतात.

तिथला काटा रिकामा होता म्हणून सहज मीही उभा राहिलो. पंचूपेक्षा माझं जास्त वाढलंय. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, तुम्हीही हेच खाताय ना? मी काट्यावरून उतरलो. पंचू म्हणाली, "हो, पप्पा आमच्याबरोबरच जेवतात."



२१ एप्रिल, रविवार

सकाळी वैजयंता नळावर गेलेली. पंचू ज्वारीचं पीठ चाळत होती. चाळता चाळताच म्हणाली, "पप्पा, तुम्ही घरी चपाती खात जा."

मी म्हटलं, असं कसं, मी सगळ्यांना सांगितलंय.

"मला गव्हाचा त्रास होतो. तुम्ही खाल्लेल्या गव्हाचा नाही होत."

ती चाळत राहिली.

"तुम्ही सगळ्यांना सांगत फिरता ना, त्याचा होतो."

मी म्हटलं, तुझी आई तरी माझ्याबरोबर पाळतेय की नाही. तेव्हा कळलं की वैजयंता जानेवारीपासून रोज दुपारी सुलूताईंकडे दुधाचा चहा पिते. पंचूनेच सांगितलं होतं जा म्हणून. आईचं डोकं दुखायचं.

म्हणजे या घरात सगळं पाळलं ते हिने एकटीने. वर आम्हा दोघांना सांभाळलं.

मग म्हणाली, महिपतमामा येतोय, त्याच्याबरोबर मी सुट्टीत जालन्याला जाते. तिथे भाकरीच असते, कोणाला काही सांगावं लागत नाही. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

२८ एप्रिल, रविवार

विचार करून आज सकाळी परवानगी दिली. महिपत परवाच येऊन थांबला होता, तिकिटं त्याच्या खिशात होती.

काशीमीऱ्याला बसमध्ये बसवून दिलं. पंचूने पीठ, डबा, पाणी, सगळं आपलं आपण भरलं होतं. मी फक्त कंडक्टरला दोन शब्दांत ग्लूटेन समजावायला घेतलं. पंचूने खिडकीची काच ओढून घेतली. आतून हसली मात्र. गाल खरंच भरलेत.

बस निघाल्यावर काय करायचं ते कळेना, थोडा वेळ नुसता उभा राहिलो.

घरी आलो तर वैजयंता पोळपाट घासत होती. म्हटलं, विचार करतोय, उद्यापासून निदान दूध तरी चालू करावं. ती म्हणाली, दूधवाल्याला गेल्या सोमवारीच सांगून ठेवलंय, पंचूनेच सांगायला लावलं.

घरात गहू व दूध पुन्हा चालू करण्याचा निर्णय सर्वानुमते झाला, अशी इथे नोंद करून ठेवतो. मी त्या वेळी घरी नव्हतो.