जप्त केलेल्या बांगड्यांचा अणू

सिस्टर, तुम्ही जाऊन कित्येक वर्षं झाली आणि मला तुमचा राग आत्ता, या वयात आला आहे. इंग्रजीत लिहायला हवं होतं, पण रागावताना मला मराठीच सुचते. उल्हासनगरच्या आपल्या कॉन्व्हेंट शाळेत बांगड्यांना बंदी होती. तरी मुली घालून यायच्या, तुम्ही त्या काढून घेऊन खणात टाकायचात, आणि अणूचा धडा आला की त्याच बाहेर यायच्या. लहान बांगडी, मोठी बांगडी, भोवती पेन्सिल फिरवायची, वर्तुळांवर इलेक्ट्रॉनचे ठिपके. एकदा मी उभी राहून विचारते, मधलं केंद्रक त्यांना ओढतंय, तर ते आत का पडत नाहीत? तुम्ही म्हणता, “नॉट इन द पोर्शन. सिट डाउन, अँड डोन्ट शो ऑफ.” वर्ग हसला. मी बसले ती बसलेच. पुढे बदलापुरात विज्ञान शिकवलं, निवृत्त होईपर्यंत, आणि प्रत्येक वर्गाला ही वर्तुळंच दिली.

परवा सोनिवलीहून नात आली. तिला अणू शिकवताना मी तीच वर्तुळं काढली. तिने मोबाइलवरच्या एआयला विचारलं. ते म्हणालं, अशा कक्षा नसतात, हे सोपं करून काढलेलं चित्र आहे. नात माझ्याकडे बघत म्हणाली, “आजी, म्हणजे तू इतकी वर्षं फेकत होतीस?”

सोप्या चित्राला माझी हरकत नाही, सिस्टर. पण हे चित्र आहे, एवढं सांगायला काय जात होतं? तुम्ही फिजिक्समध्ये एमएस्सी होतात, हे मला तुमच्या शोकसभेत कळलं. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. मी मात्र जन्मभर समजले की खोट माझ्या प्रश्नात आहे.

मग तोच प्रश्न मी नातीला एआयला विचारायला लावला. “खूप छान प्रश्न!” ते म्हणालं; कोणालाही म्हणत असणार. इलेक्ट्रॉन म्हणजे ढगासारखा, असं काहीसं त्याने सांगितलं आणि पोरीने ते जसंच्या तसं वहीत उतरवलं. कशावरून, मी विचारलं. “त्याने सांगितलं ना.” अगदी तुमची विद्यार्थिनी शोभली असती. मी म्हटलं, विचार त्याला, हा ढग तरी खरा का? त्याने लगेच कबूल केलं, हेही समजण्यापुरतंच चित्र. खरं गणितात आहे. आणि ते गणित पानभर समजावलं.

हे पत्र तुमच्या थडग्यावर ठेवायचं ठरवलं होतं. आता नाही ठेवणार. ते पान वाचून झाल्यावर नातीने विचारलं, “समजलं ना, आजी?” मी म्हटलं, त्यात काय, सोपं तर आहे. सिस्टर, मला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं.