इद्रिसचाचा काय बोलला

कुवेत,
१० नोव्हेंबर २०२४

ती. सौ. रेणुकाआक्कास,
धाकट्या गोरक्षनाथचा सा. न. वि. वि.

इथं रानात रेंज न्हाई, म्हणून पाण्याच्या टँकरवाल्याच्या हाती हे पत्र धाडून राह्यलो. मालकाची मेंढरं बराबर हायेत. पण आक्का, आमचा इद्रिसचाचा गेला. सुदानचा म्हातारा. दोन सालं एका तंबूत झोपलो, एका परातीत जेवलो. त्याला नुसती अरबी, मला मराठी अन् मोडकीतोडकी हिंदी. तो काही बोलला की मी आपला मान डोलवायचो, दारावर येणाऱ्या नंदीबैलावानी.

शेवटच्या दिवशी छाती दुखाय लागली, तवा माझा हात धरून लई वेळ बोलला. मी हो हो म्हणालो. दवाखान्याच्या वाटंतच गेला. आता त्याचा पोरगा सामान न्यायला यील. बाप काय बोलला म्हणून विचारलं तर काय सांगू?

मी पोरगा असून आप्पाला तुझ्या सासरी ठिवून आलो, त्यांचं लिही. दूर असलो तरी माया पातळ करू नको.

तुझा गोरक्षा


आष्टी, ता. परतूर,
५ डिसेंबर २०२४

चि. गोरक्षनाथ यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

परक्या मुलखात तेवढाच तुझा माणूस होता रे! लई वाईट वाटलं. माझ्या नंदीबैला, असा खचू नको. लहानपणी आप्पा ओव्या म्हणायचे अन् तू मागं झील धरायचास. ते जुने बोल तुला कुठं कळायचे? तरी एक अक्षर खाली पडू द्यायचा न्हाईस. तसेच चाचाचे बोल कानात असतील तसे पोराला म्हणून दाखव. अर्थ त्याचा तो लावील.

आप्पाचं तेच चाललंय. लकवा मारल्यापासून बोलतात, पण जीभ वळत न्हाई, काही उमगत न्हाई. मंग मी बी हो हो म्हणते अन् घास भरवते. कापूस वेचायला बाया मिळून न्हाई राह्यल्या. पोटाला खात जा. आमची आठवण ठिव.

तुझी आक्का


कुवेत,
८ जानेवारी २०२५

ती. सौ. आक्कास सा. न.

पोरगा येऊन गेला. टँकरवाल्यानं मधी बसून हिंदी केलं. बाप काय बोलला, एवढंच त्यानं विचारलं. मी लई आठवू आठवू केलं, पण एक बोल आठवला न्हाई. आठवंल कसा? मी ऐकलंच नव्हतं. कळत न्हाई म्हणून कान द्यायचंच सोडून दिल्तं. चाचा बोलत होता अन् मी मान हालवत दवाखान्याच्या गाडीची वाट बघत होतो. पोरानं बापाचं कांबळं छातीशी धरलं अन् निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हात जोडतो आक्का, आप्पा बोलले की उगंच हो म्हणू नको. तुझ्या लोभाच्या लायक न्हाई मी, तरी तो असू दे.

गोरक्षा


आष्टी,
१ फेब्रुवारी २०२५

चि. गोरक्षनाथ यास आशीर्वाद.

पत्र वाचलं अन् आप्पाजवळ जाऊन बसले. ते बोलले. मी सरळ म्हणाले, की आप्पा, मला कळलं न्हाई, पुन्यांदा सांगा. त्यांच्या डोळ्याला पाणी आलं. पुन्हा बोलले, मी पुन्हा विचारलं. चूल तशीच राह्यली. मंग त्यांनी खुंटीवरच्या तुझ्या घोंगडीकडं बोट केलं, तवा कुठं माझ्या ध्यानात आलं.

गोरक्षा आला का, एवढंच ते रोज विचारून राह्यल्ते रे. अन् मी रोज हो म्हणत होते.

जल्दी ये. लोभ इथं वाट बघून राह्यला.

तुझी आक्का