दीपाच्या सत्काराचा एकशे एकावा डॉलर

डब्लिन, ओहायो
सोमवार, २२ सप्टेंबर १९८६

ती. हेमचंद्रकाका यांस,

उत्तराचा सा. नमस्कार. तुमचं ब्लडप्रेशर आणि वसुधाकाकूंचा गुडघा दोन्ही आटोक्यात आहेत असं धरून चालते. शनिवारी फोनवर विचारणार होते, पण माझी बोलायची पाळी आली तेव्हा तुम्ही "बरं, मी बघतो काय ते" म्हणून फोन ठेवलात. तुम्ही काय बघणार आहात ते आधी नीट कळावं म्हणून घडलेलं क्रमाने देते.

१. शनिवार, १३ सप्टेंबर. मंडळाच्या गणेशोत्सवात प्रमुख पाहुणे म्हणून सनीव्हेलहून आलेल्या तुमच्या हस्ते माझी धाकटी बहीण दीपा हिचा सत्कार. शाल, श्रीफळ आणि पाकिटात रोख एकशे एक डॉलर.

२. रविवार, १४ सप्टेंबर. आमच्या स्वयंपाकघरातल्या फोनवरून तुम्ही इथल्या साप्ताहिकाला बातमी सांगितलीत. तसं करायला आम्ही कोणी सांगितलं नव्हतं.

३. गुरुवार, १८ सप्टेंबर. बातमी फोटोसकट छापून आली. मजकूर असा, की शाळेच्या टेनिस संघातल्या दीपाला तिच्या विजयांबद्दल भारतीय समाजाने १०१ डॉलर रोख दिले.

४. त्याच दुपारी दुसऱ्या शाळेतल्या एका खेळाडूच्या आईने ती बातमी राज्याच्या क्रीडा संघटनेला फोनवर वाचून दाखवली.

५. शुक्रवार, १९ सप्टेंबर. दीपा संघाबाहेर. सुनावणी १ ऑक्टोबरला. राज्य स्पर्धेची पहिली फेरी ४ ऑक्टोबरला.

इथला नियम साधा आहे. शाळेच्या खेळाडूने खेळाबद्दल रोख पैसे घेतले की तो हौशी राहत नाही, धंदेवाईक ठरतो. आपल्या घराण्यात पाच इंजिनियर, दोन डॉक्टर आणि एक तहसीलदार होऊन गेले. सोळाव्या वर्षी धंदेवाईक टेनिसपटू होण्याचा मान दीपाने मिळवला, तोही तुमच्या हस्ते. अभिनंदनाचे फोन अजून येताहेत. पद्मजामावशीने तर "आता स्कॉलरशिप पक्की ना?" असं विचारलं. मी "चौकशी पक्की आहे" एवढंच सांगितलं.

शुक्रवारी शाळेचे क्रीडाप्रमुख मिस्टर हॉलिंगर यांनी बाबांना बोलावलं. बाबा एकटे गेले तर काय होईल याचा अंदाज असल्यामुळे मी कंपनीत अर्ध्या दिवसाची रजा टाकून बरोबर गेले. (मी बरोबर असूनही तेच झालं.) हॉलिंगर सभ्य गृहस्थ आहेत. त्यांच्यापुढे एक फॉर्म होता. मिळालेली प्रत्येक वस्तू आणि तिची किंमत लिहायची. शालीची किंमत मी बारा डॉलर सांगितली. (ती तुम्हाला टोरोंटोच्या मंडळाने दिलेली आहे, हे वसुधाकाकूंनी आईला आधीच सांगितलं होतं, वापरलेल्या मालाची किंमत कमी धरतात.) श्रीफळाचे मी एकोणऐंशी सेंट सांगितले. हॉलिंगरनी विचारलं, ते सध्या कुठे आहे? शेजारी बसलेली दीपा म्हणाली, "वी एट इट." आईने रविवारीच त्याच्या वड्या केल्या होत्या. त्यांनी त्या रकान्यात काही तरी लिहिलं आणि पुढे गेले. इथपर्यंत आमची बाजू भक्कम होती.

मग त्यांनी सहज म्हणून विचारलं, शंभर नाही आणि एकशे एकच का? तो वरचा एक डॉलर कशाचा?

मी तोंड उघडायच्या आत बाबांनी खुर्ची पुढे ओढली. गेली एकोणीस वर्षं ते या राज्याचे पूल तपासताहेत आणि एवढ्या काळात आपल्या संस्कृतीबद्दल एकाही अमेरिकन अधिकाऱ्याने त्यांना प्रश्न विचारलेला नाही. तो शुक्रवारी विचारला गेला. बाबांनी अगदी सविस्तर सांगितलं, की शंभर हा पूर्ण आकडा, तिथे व्यवहार संपतो. आपल्यात व्यवहार संपलेला चालत नाही, म्हणून वर एक ठेवायचा. त्याचा अर्थ असा, की हे शेवटचं नाही, पुढे आणखी येणार आहे.

दीपाने टेबलाखाली लाथ मारली. ती मला लागली.

हॉलिंगरचं पेन थांबलं. "म्हणजे ही कायम चालणारी व्यवस्था आहे?"

"येस, येस," बाबा म्हणाले, "कंटिन्युइंग. लाइफलाँग!"

काका, तोपर्यंत आपल्यावर एका बक्षिसाचा आरोप होता. त्यानंतर आजन्म पगाराचा झाला. गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "किती इंटरेस्ट घेऊन ऐकत होता बघ माणूस. लिहूनसुद्धा घेतलं." दीपा मागच्या सीटवरून एकच वाक्य बोलली, "बाबा, ही वॉज टेकिंग एव्हिडन्स." दीपा शुक्रवारपासून रॅकेट पलंगाखाली सरकवून बसली आहे. संघात तिच्या जागी आलेली मुलगी चांगली आहे, असं ती दिवसातून दोनदा आपणहून सांगते. तिला कोणी विचारलेलं नसतं.

साधा उपाय म्हणजे पैसे परत करणं. म्हणून शनिवारी सकाळी मी पाकीट घेऊन मंडळाचे खजिनदार पुरुषोत्तमकाका यांच्याकडे गेले. त्यांनी पाकिटाकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या दारात सुतक घेऊन आले आहे. "अगं, देवासमोर दिलेलं पाकीट परत घेतात का? उद्या म्हणशील शाल घ्या. परवा म्हणशील नारळ घ्या." मी म्हटलं, नारळ देता येणार नाही. ते म्हणाले, "बघ! म्हणजे तुम्ही अर्धं वापरलंत आणि अर्धं परत करताय." हे मात्र मला खोडता आलं नाही.

पण त्या भेटीतून एक गोष्ट कळली. मंडळाने फक्त श्रीफळ आणलं होतं. शाल तर तुमची होतीच, पाकीटही तुमच्याच खिशातलं. माइकवर "मंडळाच्या वतीने" म्हणालात तो तुमचा विनय. (तुमच्या बाबतीत हा शब्द प्रथमच वापरते आहे.) याचा उपयोग आहे, कारण नियमात दुसरंही एक कलम आहे. नातेवाईकाने घरच्या रिवाजाप्रमाणे दिलेली भेट चालते, फक्त ती खेळाबद्दल दिलेली नसावी. तुम्ही बाबांचे सख्खे चुलतभाऊ. दर वाढदिवसाला तुम्ही आम्हा दोघींना एकावन्न पाठवता. मी ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झाले त्या वर्षीही ते आले. तेव्हा तुमचे पैसे आणि आमचं कर्तृत्व यांचा कधीच संबंध नव्हता, हे मला सिद्ध करता येतं.

राहिलं तुमचं भाषण. ते मंडळाच्या व्हिडिओ कॅसेटवर आहे. रविवारी दुपारी मी हातात घड्याळ घेऊन ते दोनदा पाहिलं. एकूण बेचाळीस मिनिटं. तुमचं १९६४ मधलं आगमन आणि खिशातले आठ डॉलर, सतरा मिनिटं. तुमची कंपनी, तेरा. आजच्या पिढीचं काय चुकतं, नऊ. उरलेल्या तीन मिनिटांत दीपाचं नाव दोनदा येतं, त्यातही एकदा तुम्ही तिला "बॅडमिंटनमध्ये नाव काढणारी" म्हणता. दीपा बॅडमिंटन खेळत नाही. इतका उपयोगी पुरावा तुम्ही नकळत तयार करून ठेवलात, याबद्दल आभार.

फोनवर तुम्ही सुचवलेले दोन्ही उपाय कृपया करू नका. वकील नको. आणि "त्या संघटनेलाच पाचशे एक देणगी देतो, विषय संपवतो" हे तर अजिबात नको. त्याने विषय संपणार नाही, फक्त वेगळ्या खात्याकडे जाईल. फक्त एका पत्राची गरज आहे: पैसे तुम्ही स्वतः, काका या नात्याने दिले, खेळाशी त्यांचा संबंध नाही, साप्ताहिकातला मजकूर तुम्ही सांगितलात आणि तो चूक होता. शेवटचं वाक्य तुम्हाला जड जाईल, हे मला माहीत आहे. ते गाळलंत तर पहिल्या दोन वाक्यांचा उपयोग नाही.

वसुधाकाकूंना नमस्कार.

तुमची,
उत्तरा

ता. क. १. एक गोष्ट वर लिहिली नाही. कॅसेटच्या अगदी शेवटी, टाळ्या थांबल्यावर, तुम्ही माइक परत ओढून म्हणता, "आणि पोरी, स्टेट जिंकलीस तर पाचशे एक!" हॉलिंगरनी विचारलं, कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे का? मी हो म्हटलं. भाषांतर मलाच करायचं आहे, आणि मी ते जसंच्या तसं करणार आहे. म्हणून पत्रात चौथं वाक्य हवं: हे वचन तुम्ही मागे घेतलं आहे.

ता. क. २. चूक फक्त तुमचीच असल्यासारखं वर लिहिलं आहे. तसं नाही. ऑगस्टमध्ये बाबा कामासाठी सिनसिनाटीला होते आणि आई शिकागोला, म्हणून शाळेच्या नियमावलीवर सही मी केली. सही करण्यापूर्वी मी ती वाचलीही होती. रोख रकमेचं कलम अकराव्या पानावर आहे. तुम्ही पाकीट काढलंत तेव्हा मी दुसऱ्या रांगेत होते. उठून थांबवायला मला पाच सेकंद पुरले असते. पण मागे बाबा खुर्चीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. तीन वर्षांत त्यांनी दीपाची एकही मॅच पाहिलेली नव्हती. "अभ्यास झाला असेल तर जा" एवढाच त्यांचा टेनिसशी संबंध. दीपा स्टेजवरून तुमच्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होती. मी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी बाबांनी तिला टेनिसचे गुण कसे मोजतात ते विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. हे मी हॉलिंगरना सांगितलेलं नाही, कारण त्यांनी विचारलेलं नाही. सुनावणीत विचारलं तर सांगेन.

दीपाला ४ तारखेला खेळायचं आहे, आणि बाबांनी त्या दिवशीची रजा मंजूर करून घेतली आहे. सही केलेलं पत्र सोमवार, २९ सप्टेंबरपर्यंत आमच्या घरी पोचेल असं पाठवा.