मधलं कापड

ईस्टर सोमवार, १४३१

शरमेने मान खाली गेली! सेंट जॉर्जच्या सणाला भाल्यांची झुंज ठरली. माझा नवरा ओदार आणि माझा भाऊ रेनिये, समोरासमोर. आणि ओदार भर पंगतीत म्हणतो, "मैदानाच्या मधोमध त्वाल बांधा. नाहीतर मी उतरणार नाही."

त्वाल म्हणजे नुसतं कापड. जाडंभरडं, पोत्याचं. दक्षिणेकडे म्हणे ते दोन स्वारांच्या मधे टांगतात, म्हणजे घोडे एकमेकांवर आदळत नाहीत. आमच्या बर्गंडीत असली थेरं कधी नव्हती.

रेनिये खो खो हसला. "दाजी, वाळत घातलेल्या चादरीआड लपणार होय?"

ओदार मान खाली घालून जेवत राहिला! मला भुई दुभंगावी असं झालं.

१२ एप्रिल

ते शिवायचंही माझ्याच माथी. मागोत दाई म्हणाली, "बाईसाहेब, तुमचे काका घोड्यांच्या टकरीतच गेले ना? कापड बरं." मी तिला गप्प केलं.

१५ एप्रिल

विहिरीवरच्या बायका आता झुंजीलाच त्वाल म्हणतात. "त्वाल कधी आहे हो?" — आणि तोंडाला पदर लावून हसतात. माझ्या नवऱ्याच्या भित्रेपणाने भाषेत शब्द आणला.

२१ एप्रिल

बोलू नये ते बोलले. "मी नवरा केला, की पदराआडची नवरी?"

तो एवढंच म्हणाला, "टाके दुहेरी घाल."

सेंट जॉर्जचा सण

पहिल्याच दौडीत रेनियेचा घोडा डावीकडे सरकत गेला — थेट ओदारच्या अंगावर! रेनियेने लगाम ओढलासुद्धा नाही. घोडा कापडाला थटला, खांब कडकडले, टाके ताणले गेले पण उसवले नाहीत. घोडा वळला. दोघे जिवंत.

"घोडा आंधळा आहे मेला!" रेनिये ओरडला. सगळे हसले. मीही हसले. मग जाऊन कापडाचे टाके चाचपले.

२४ एप्रिल

रेनिये आज जेवायला होता. मी डाव्या बाजूने पेला पुढे केला. त्याने घेतलाच नाही. त्याचं 'दाजींची चादर' चालूच होतं, आणि मी पेला धरून उभी. त्याच्या गालापासून वीतभर अंतरावर.

ओदारने माझ्या हातातून पेला काढून घेतला आणि रेनियेच्या उजवीकडे ठेवला. रेनियेने लगेच उचलला. मग त्याने ओदारकडे पाहिलं, आणि त्याचं हसू थांबलं.

त्या डाव्या डोळ्याचं ओदारला आधीपासून ठाऊक होतं.