माझ्या नावाचा पॉइंट ब्लँक नकार

मंगळवार, १० जून २०२५

सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी धनराजचा मेसेज — 'फ्लॅट ३०४च्या मालकीणबाईंनी मुस्लिम भाडेकरूला पॉइंट ब्लँक नकार दिला आहे. सर्वांनी निश्चिंत राहावे.'

३०४ची मालकीण मी! मी कधी नकार दिला? मासूमाला चहा पाजला, खोल्या दाखवल्या, एक तारखेला या म्हणाले. येवल्याची मुलगी, इथे नर्स. आईला दिसत नाही, म्हणून तिला जवळ आणायचं होतं.

संध्याकाळी धनराजला जिन्यातच गाठलं.

"मॅडम, कमिटीचंच मत होतं. ब्रोकर सुनीललाही तसंच कळवलंय. तुमच्या नावाने बरं दिसतं."

"आणि पॉइंट ब्लँक?"

"ब्लँक म्हणजे कोरं ना? कारण लिहायचं नव्हतं, म्हणून!"

कोरं! माझे वडील देवळालीला तोफखान्यात होते. निशाण इतकं जवळ की तोफेची नळी वर उचलावीच लागत नाही — तो पॉइंट ब्लँक. समोर उभं राहून, तोंडावर. हे माझ्या आडून नेम धरणार, आणि शब्द शूरांचा वापरणार!

बुधवार, ११ जून

ग्रुपवर नुसते अंगठे. शेजारच्या लताबाईंचासुद्धा! म्हणे, "अहो, चुकून दाबला गेला."

गुरुवार, १२ जून

कमिटीला पत्र लिहिलं. अडीच पानं, त्यातली दोन त्या एका शब्दावर. झकास उतरलंय.

शनिवार, १४ जून

किल्ली कधी नेणार, विचारायला मासूमाला फोन केला.

"सुनीलभाऊंनी मंगळवारीच सांगितलं ना, मॅडम. मी होस्टेलवर जागा घेतली. अम्मी येवल्यालाच राहील."

"अगं, मी नाही म्हटलंच नव्हतं! धनराजने परस्पर —"

"तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी."

ती हळूच म्हणाली, "मग तेव्हाच मला फोन का नाही केलात?"

रविवार, १५ जून

अडीच पानं फाडली. नवीन पत्र — नकार माझा नव्हता, कमिटीचा होता. का दिलात ते लिहा, खाली सह्या करा. उत्तर मला नको, मासूमाच्या नावाने हवं. लेखी. मंगळवार, १७ जून, संध्याकाळी पाचच्या आत.

किल्ली घेऊन मी मासूमाच्या होस्टेलवर निघालेय. ती घेईल का, माहीत नाही.